बकेट मोठी, की भार मोठा?



पूर्वी माती उचलायची म्हणजे फावडे, घमेले आणि माणसांचे हात. एक जण खणी, दुसरा भरी, तिसरा डोक्यावर घेऊन जाई. आज गावात लोडर येतो. पुढे लोखंडी बकेट, तिला दोन बाह्या, बाह्यांना तेलाच्या दाबाने चालणारे जॅक. चालक बसल्या जागी दांडी ओढतो आणि दहा माणसांचे ओझे एका दमात उचलले जाते.

काही लोडर ट्रॅक्टरलाच पुढे जोडलेले असतात. काही यंत्रे याच कामासाठी बनवलेली असतात. त्यांना पुढे बकेट आणि मागे खणायचा हात असतो. त्यांना आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो. हे खरे तर एका माणसाच्या नावाचे तीन अक्षरी रूप आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्लंडातील गृहस्थाने १९४५ साली एका लहानशा गॅरेजात ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली. १९७९ साली हरियाणातील बल्लभगड येथे त्या कंपनीची यंत्रे बनू लागली. आता कोणत्याही कंपनीचे पिवळे यंत्र दिसले की आपण ‘जेसीबी आला’ म्हणतो.

आमच्या बाभुळगाव तालुक्यात बेंबळा नदीवर धरण आहे. गावोगाव तलाव, नाले आणि शेततळी आहेत. त्यांत गाळ साचतो. तो काढून शेतात टाकला तर पाण्याला जागा होते आणि जमिनीला कस येतो. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, ती याच विचाराने. गाळ काढायचे दिवस मात्र थोडे. उन्हाळ्यात तलाव आटला की सुरुवात करायची आणि मिरगाच्या आत संपवायचे. यंत्राचे भाडे तासावर असते. म्हणून जो तो म्हणतो, ‘एका खेपेत जास्त माल कसा येईल?’

मग कोणाच्या तरी मनात येते, ‘बकेटला वरून पत्र्याची पट्टी वेल्डिंग करून घेऊ. वीतभर उंची वाढली की माल जास्त मावेल. त्यात काय मोठे!’

मावेल, हे खरे. पण उचलेल का? या धड्यात आपण एवढेच पाहणार आहोत.

माप सपाट आणि माप शिगेचे

धान्य मोजताना आपण दोन प्रकारे मोजतो. पायली भरून वरून हात फिरवला, तर ते सपाट माप. वर ढीग राहू दिला, तर ते शिगेचे माप. पायली तीच, पण धान्य कमी-जास्त.

बकेटचेही तसेच आहे. कंपनी बकेटचे जे माप सांगते ते बहुधा शिगेचे असते. ही शीग किती उंच धरायची तेही ठरलेले आहे. काठापासून दोन फूट आत गेलो की एक फूट वर चढायचे, असा तिचा उतार. म्हणजे वरचा ढीग कंपनीने आधीच हिशेबात धरला आहे. ‘ढीग वेगळा, पट्टी वेगळी’ असे म्हणून चालत नाही.

बकेटचे सपाट माप घरच्या घरी काढता येते. बकेटच्या बाजूच्या पत्र्याचे क्षेत्रफळ काढा आणि त्याला बकेटच्या रुंदीने गुणा. समजा, बाजूचा पत्रा ३ चौरस फुटांचा आहे आणि बकेटची रुंदी ५ फूट आहे. ३ गुणिले ५ म्हणजे १५. म्हणजे बकेटमध्ये सपाट १५ घनफूट माल मावतो. मुरूम, रेती आपण ब्रासने घेतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. अशा सात बकेटांत एक ब्रास होतो.

एक घनफूट किती जड?

आता खरा प्रश्न. १५ घनफूट कुटार आणि १५ घनफूट गाळ यांचे वजन सारखे असते का? मुळीच नाही. शेरभर कापूस आणि शेरभर लोखंड वजनाला सारखे, पण आकाराला किती वेगळे! येथे त्याच्या उलट आहे. आकार एकच आहे आणि वजन वेगळे आहे.

एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो भरते. ओला गाळ पाण्याहून जड. एक घनफूट ओला गाळ साधारण ५० किलो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढा. कुजलेले, थोडे वाळलेले शेणखत पाण्याहून हलके असते. आणि सैल कुटार तर घनफुटाला दोन-तीन किलोच.

आता १५ घनफुटांच्या बकेटचा हिशेब मांडा.

ओला गाळ: १५ गुणिले ५० म्हणजे ७५० किलो.

कुटार: १५ गुणिले ३ म्हणजे ४५ किलो.

समजा, या लोडरच्या पाटीवर ८०० किलो भार लिहिला आहे. गाळ भरला की यंत्र जवळपास पुरे झाले. कुटार भरले तर यंत्राला काहीच वाटत नाही. आता बकेटला पट्टी लावून ती २० घनफुटांची केली. गाळ किती होईल? २० गुणिले ५० म्हणजे १,००० किलो. वर पट्टीच्या लोखंडाचे ४० किलो. एकूण १,०४० किलो. पाटीपेक्षा २४० किलो जास्त! म्हणजे सिमेंटची जवळपास पाच पोती वरचढ.

बकेट मोठी झाली, पण बाह्या त्याच, जॅक तेच, चाके तीच. लग्नघरी मोठे पातेले आणले म्हणून उचलणाऱ्याच्या दंडात बळ येत नाही.

बंडी उलाळ होते ती कशी?

बंडीत माल भरताना जाणता माणूस काय पाहतो? ओझे पुढे जास्त झाले तर बंडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे जास्त झाले तर बंडी उलाळ होते. कोणी उलार म्हणतात. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून ओझे आसाच्या दोन्ही बाजूंना तोलून भरायचे असते.

लोडरचाही असाच तोल असतो. त्याची पुढची चाके म्हणजे आस. आसाच्या पुढे बकेट, आसाच्या मागे यंत्राचे स्वतःचे वजन. पुढचे ओझे फार झाले की मागची चाके हलकी पडतात. आणखी झाले की ती जमीन सोडतात.

ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतात. ती चाके हलकी झाली की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही. तलावाच्या उतारावरून खाली येताना असे झाले तर? पुढे माणसे आहेत, पोरे आहेत. विचार करा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ओझे किती, एवढेच पाहून भागत नाही. ते आसापासून किती लांब आहे तेही पाहावे लागते. ८०० किलो ओझे आसापासून ५ फुटांवर ठेवले, तर ते ४ फुटांवरच्या १,००० किलोइतके ओढते. ८०० गुणिले ५ आणि १,००० गुणिले ४, दोन्हींचे उत्तर ४,०००. म्हणून बकेटचा ओठ पुढे वाढवणे सर्वांत वाईट. माल न वाढताही तोल बिघडतो. बाही उचलताना ती आडवी होते, तेव्हाही बकेट आसापासून सर्वांत लांब असते. पुष्कळदा यंत्र उलटायला लागते ते त्याच वेळी.

चाकांच्या लोडर यंत्राचा भार ठरवताना जाणकार याची काळजी घेतात. सपाट, टणक जमिनीवर जेवढ्या ओझ्याला मागची चाके उठू लागतात, त्याच्या निम्म्याहून जास्त भार ते ठरवीत नाहीत. हा निम्मा भाग ‘वाया गेलेली ताकद’ नव्हे. तो खड्ड्यासाठी, उतारासाठी आणि एकदम ब्रेक लावण्यासाठी राखलेला आहे. आपले शेत सपाट आणि टणक थोडेच असते!

वाल्व आवळू नका

काही वेळा बकेट भरली, पण बाही उठत नाही. तेलाच्या यंत्रणेत दाब सोडणारा एक वाल्व असतो. ओझे फार झाले की तो तेल परत टाकीत सोडतो. ‘वाल्व आवळून द्या, उचलेल’ असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नका. बाही उठत नाही, हा यंत्राचा हट्ट नव्हे, ती सूचना आहे. वाल्व आवळला तर नळी फुटते, पिना झिजतात, बाहीला चीर जाते. वर उचललेली बकेट धाडकन खाली येते. कर्ज काढून घेतलेले यंत्र जाते. आणि बकेटखाली कोणी असेल, तर जीवही जातो. यंत्र दुरुस्त होते, माणूस होत नाही.

मग जास्त माल न्यायचा तरी कसा?

मार्ग आहेत आणि चांगले आहेत.

पहिला मार्ग, हलक्या मालाला मोठे भांडे. कुटार, पऱ्हाटी, कडबा, भुसा यांसाठी मोठी बकेट जरूर करावी. १५ घनफुटांऐवजी ६० घनफुटांचा पिंजरा केला, तरी कुटार ६० गुणिले ३ म्हणजे १८० किलोच भरते. चार खेपांचे काम एका खेपेत झाले. पण हा पिंजरा वेगळा असावा, काढता-घालता यावा. बकेटला बाजूच्या फळ्या लावायच्या तर त्या वेल्डिंगने नव्हे, बोल्टने लावाव्यात. गाळाचे काम आले की काढून ठेवाव्यात. वाढवायचेच तर रुंदीने वाढवावे, ओठ पुढे काढू नये. पिंजरा जाळीचा असावा, म्हणजे चालकाला पुढचे दिसते. नव्या लोखंडाचे वजन यंत्राच्या भारातून वजा धरावे.

दुसरा मार्ग, आहे ती बकेट पुरी भरणे. आपली काळी माती चिकट. ती बकेटच्या तळाला आणि कोपऱ्यांत बसते. समजा, १५ घनफुटांच्या बकेटमध्ये ३ घनफूट गाळ चिकटून बसला. आता खेपेला १२ घनफूटच माल जातो. ब्रासभर ट्रॉली सात बकेटांत भरायची, तिला नऊ लागतात. दहा ट्रॉल्यांमागे वीस बकेटा जास्त! वेळ गेला, डिझेल गेले, भाडे वाढले. दर दोन-तीन ट्रॉल्यांनंतर बकेट जमिनीवर टेकवून, यंत्र बंद करून, खोऱ्याने ती खरडून काढली तर बिनखर्चाने माप वाढते. पट्टी न लावता पट्टीचे काम झाले, नाही का?

तिसरा मार्ग, भरण्याची रीत. बकेटचा तळ जमिनीला समांतर ठेवून ढिगात सरळ शिरावे, मग हळूहळू बकेट मागे वळवावी. दात आणि धारेची पट्टी झिजली असेल तर बदलावी. ट्रॉली ढिगाच्या जवळ, सपाट जागी उभी करावी. फेरा लहान झाला की तासाला जास्त माल जातो.

चौथा मार्ग, मागे तोलाचे वजन. ट्रॅक्टरला कंपनीने सांगितलेले वजन मागे लावावे. ते लावल्याने तोल सांभाळला जातो. पण त्याने पाटीवरचा भार वाढत नाही, हे विसरू नये.

आणि ट्रॉलीचाही विचार करा. ब्रासभर ओला गाळ म्हणजे १०० गुणिले ५०, एकूण ५,००० किलो. आपल्या ट्रॉलीला तेवढे झेपते का, हे आधी पाहावे. नसेल झेपत तर ट्रॉली कमी भरावी. गाळ दोन दिवस उपसून ठेवला आणि पाणी निथळू दिले, तर तोच गाळ हलका होतो. पाणी वाहून नेण्याचे भाडे कशाला द्यायचे?

लक्षात ठेवा

१. बकेटचे माप घनफुटांत असते, यंत्राची ताकद किलोंत असते.

२. जड मालाला लहान बकेट, हलक्या मालाला मोठी.

३. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून चालावे. उतारावर तर नक्कीच.

४. उचललेल्या बकेटखाली कोणी जाऊ नये. बकेटमध्ये कोणी बसू नये.

५. यंत्रावरची पाटी वाचावी. आता आपल्याला वाचता येते. चालक म्हणाला म्हणून, मालक म्हणाला म्हणून मान डोलवू नये. आकडा स्वतः पाहावा.

करून पाहा

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असे लाकडी खोके करा. रिकाम्या खोक्याचे वजन करा. मग ते कुटार, शेणखत, वाळलेली माती आणि ओला गाळ यांनी एकेकदा सपाट भरा आणि दुकानाच्या काट्यावर तोला. खोक्याचे वजन वजा करून प्रत्येक आकडा वहीत लिहा. आपल्या गावच्या मालाचा खरा हिशेब हाच.

प्रश्न

१. एका बकेटच्या बाजूचा पत्रा ४ चौरस फूट आहे. रुंदी ६ फूट आहे. तिच्यात सपाट किती घनफूट माल मावेल?

२. त्या बकेटमध्ये ओला गाळ भरला तर वजन किती होईल?

३. यंत्राच्या पाटीवर १,००० किलो लिहिले आहे. मग त्या बकेटमध्ये जास्तीत जास्त किती घनफूट ओला गाळ भरावा?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढून आपल्या गावच्या लोडर चालकाला दाखवा. त्याच्याशी बोला. त्याच्या अनुभवातून चार गोष्टी आपल्यालाही शिकता येतील.