करडईवरील मावा आणि ढालकिडा

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत रब्बी हंगामात करडई घेतली जाते. थंडीत आभाळ भरून आले की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा वाढू लागतो. माव्याची मादी नराविनाच थेट पिलांना जन्म देते; म्हणून दोन-चार किड्यांचा पाहता पाहता थर होतो. तो सोंडेने रस शोषतो आणि त्याच्या चिकट, गोड विष्ठेवर काजळीसारखी बुरशी चढते.

त्याच झाडावर ७ काळ्या ठिपक्यांचा तांबडा ढालकिडा आढळतो. त्याला सोंड नसून जबडे असतात. त्याची मादी माव्याजवळच पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते. अळी मात्र करडी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची. आईबापांशी तिचे काडीचेही साम्य नाही. वाढ पूर्ण होईतो ती मावा किडे शेकड्यांनी फस्त करते. नेमकी तीच पुष्कळदा कीड समजून मारली जाते! उलट, वांग्याची पाने खाणारा भुंगेरा याच कुळातला. पण त्याचा रंग मळकट तांबूस, ठिपके १२ किंवा २८ आणि अळी पिवळी, काटेरी असते. शिक्षकांनी दोन्ही नमुने विद्यार्थ्यांना शेजारी ठेवून दाखवावेत.

मावा बहुधा बांधाकडील ओळींवर प्रथम येतो. सुरुवातीस तेवढ्याच ओळी फवारल्यास आतल्या पिकातील ढालकिडे वाचतात.