मोटारीच्या प्रवासातील मूल : ऊब आणि पट्टा

तंजावर हे थंडीचे गाव नव्हे. कावेरीच्या खोऱ्यातील या नगरात जानेवारीतही पहाटेचे तापमान २० ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी ते ३० अंशांजवळ जाते. व्यंकोजीराजांच्या काळापासून तेथे नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना घरी लोकरीच्या कपड्यांची आवश्यकता सहसा भासत नाही. परंतु तेथून तिरुचिरापल्ली, दिंडुक्कल, वत्तलगुंडु या मार्गाने मोटारीने निघालेले कुटुंब त्याच दिवशी कोडाईकनालला पोचते. अंतर सुमारे २५० किलोमीटर. चढण मात्र २,००० मीटरांची. दर हजार मीटरांमागे हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते, हे लक्षात घेतल्यास या एका प्रवासात १३ अंशांचा फरक पडतो. एरवी झबल्यावर असणाऱ्या तान्ह्या मुलाला मग कुंची, स्वेटर आणि त्यावर फुगीर जाकीट चढवून मोटारीतील मुलांच्या आसनात, म्हणजे ‘कार सीट’मध्ये, बसवले जाते. हेतू मायेचा असला, तरी यात एक धोका दडलेला आहे.

तान्ह्या मुलाला थंडी लवकर बाधते, हे खरे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाहून पुष्कळ अधिक असते, त्यामुळे उष्णताही त्याच मानाने अधिक बाहेर पडते. जाड जाकिटाने ऊब मिळते ती कापडामुळे थोडी आणि कापडात कोंडलेल्या हवेमुळे फार. कारण स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. पण हीच हवा पट्ट्याखाली सापडली म्हणजे घातक ठरते. अपघाताच्या क्षणी जाकीट दाबले जाते, त्यातील हवा निघून जाते आणि घट्ट वाटणारा पट्टा बोटे-दोन बोटे सैल पडतो. मूल पुढे फेकले जाते, प्रसंगी पट्ट्यातून निसटतेही.

या धक्क्याचे मान किती? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीतील १० किलोग्रॅम वजनाचे मूल अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचे झाल्यास सरासरी सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते, आणि तेही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. कोणत्याही आईचे हात हे बल पेलू शकत नाहीत. मांडीवरचे मूल सुरक्षित आहे, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावयास हवी. भारतात २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने १४ वर्षांखालील मुलास पट्ट्यावाचून किंवा मुलांच्या आसनावाचून नेणाऱ्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे.

मोठ्या माणसांसाठी तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा स्वीडनचे अभियंते नील्स बोलीन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. मुलाचा प्रश्न निराळा होता. नवजात बालकाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ चतुर्थांश असते, आणि मान कोवळी. स्वीडनमधीलच डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६० नंतरच्या दशकात मागे तोंड करून बसवावयाचे आसन पुढे आणले; अंतराळवीर उड्डाणाचा दाब पाठीवर घेतात, त्याप्रमाणे मुलाचा धक्का सर्व पाठीवर व डोक्यामागे विभागला जावा, ही त्यामागील कल्पना होती. असे आसन पुढील बाजूस, चालू हवेच्या पिशवीसमोर (एअरबॅगसमोर), कधीही ठेवू नये.

जाकिटाचा दोष घरीच पारखता येतो. मुलास जाकिटासह आसनात बसवून पट्टा नीट आवळावा. नंतर पट्टा सैल न करता केवळ बक्कल उघडावे, जाकीट काढावे आणि बक्कल पुन्हा लावावे. आता पट्टा व छाती यांमध्ये जी जागा उरते, तितकी ढिलाई अपघातात उत्पन्न झाली असती. योग्य बसलेल्या पट्ट्याची खांद्याजवळ चिमटीत घडी येत नाही.

मग ऊब कशी द्यावी? अंगालगतचे सुती कपडे, त्यावर एखादा पातळ विणलेला स्वेटर, पायांत मोजे, एवढ्यावर पट्टा आवळावा. दुपटे, शाल अथवा गोधडी ही पट्ट्यावरून पांघरावी. पाठीखाली किंवा पट्ट्याखाली मुळीच घालू नये, आणि तोंड झाकू नये. मोठे मूल असल्यास जाकीट उलटे, म्हणजे पाठीची बाजू पुढे करून, बांधलेल्या पट्ट्यावरून बाह्यांत हात घालून चढवता येते. घाट लागेपर्यंत शाल नकोच. तापमानाची परीक्षा मुलाच्या हातापायांवरून करू नये, ते थोडे गारच असतात. मानेच्या मागील भागास हात लावून पाहावा. तो घामेजलेला असेल तर एक थर काढावा. अतिउष्णता तान्ह्या मुलास थंडीइतकीच अपायकारक आहे.

उतरताना क्रम उलटा होतो. वत्तलगुंडुच्या सपाटीवर येईतो शाल व टोपी काढलेली असावी. तंजावरास परतल्यावर जानेवारीच्या दुपारीही उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील हवा अर्ध्या तासात बाहेरच्या हवेहून कितीतरी अधिक तापते. झोपलेले मूल क्षणभरही आत ठेवून जाऊ नये. अशा मोटारीत पुन्हा बसवण्यापूर्वी आसनाचे बक्कल आधी आपल्या हाताने चाचपावे. त्याचा धातू तापून चटका देण्याइतका गरम झालेला असतो.