तेव्हा वास कसला येत होता?

पालकहो,

तुम्ही बाळाचं बारसं थाटात केलंत, पहिल्या वाढदिवसाला गाव जेवू घातलंत, दोन वर्षांचं असताना त्याला समुद्रही दाखवून आणलात. यातलं पुढे त्याला जवळजवळ काहीच आठवणार नाही. मोठ्या माणसांना आयुष्यातली पहिली आठवण विचारली, तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीची पाटी बहुतेक कोरी. पण ती कधी आणि कशानं भरायला लागते, यात घरातल्यांचा हात बराच असतो.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासच्या निघाल्या, म्हणजे इतरांपेक्षा बऱ्याच आधीच्या. माओरी घरांत पूर्वजांच्या, जन्माच्या, घडून गेलेल्या प्रसंगांच्या गोष्टींना मोठा मान. त्या मुलांच्या कानांवर सतत पडत राहतात, त्याचाच हा परिणाम असावा, असं संशोधकांना वाटतं.

आता आपल्या घरातलं बोलणं ऐका. सुट्टीत कोकणात जाऊन आलो की आपण विचारतो, “आजीकडे काय खाल्लंस?”

“आंबा.”

“शाब्बास! आणि गाय पाहिलीस की नाही?”

“हो.”

संपलं. ही तोंडी परीक्षा झाली, गप्पा नव्हेत. त्याऐवजी असं विचारून बघा.

“आजीनं माजघराचं दार उघडलं, तेव्हा कसला वास आला रे?”

“आंब्यांचा! खूप!”

“आढी घातली होती ना तिथं. तू पेंढ्यात हात घातलास…”

“टोचलं मला. आणि एक आंबा मऊ लागला.”

“मग?”

“आजीला दिला. ती म्हणाली, हा आजच खायचा.”

बोलणं दोन मिनिटांचंच, पण त्यात वास आला, टोचणारा पेंढा आला, आजी आली आणि मऊ आंबा शोधून काढणारा ‘मी’सुद्धा आला. आपण कोण, कोणाचे, आपल्या हातून काय झालं, हे मुलाला अशाच गप्पांतून उमगत जातं.

वासाची तर गंमतच आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातं. वासाला मात्र ते ठाणं टाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळची वाट आहे. म्हणून तर उटण्याचा वास आला की पन्नाशीतल्या माणसालाही लहानपणची दिवाळी आठवते. तेव्हा भाजणी भाजताना मुलांना स्वयंपाकघरातून हाकलू नका. ज्या गोधडीत ती झोपतात, तिच्यातला कुठला तुकडा पणजीच्या लुगड्याचा, ते त्यांना हात लावून दाखवा.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी मुलांसाठी 20 प्रश्न तयार केले होते. आई-बाबा कसे भेटले? आजी-आजोबा कुठं वाढले? तुझ्या जन्माच्या वेळी काय काय झालं? ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त ठाऊक होत्या, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. पण थांबा, लगेच उत्तरं पाठ करून घ्यायला बसू नका! नुसत्या माहितीनं काही होत नाही, हे खुद्द ड्यूक यांनीच सांगितलं आहे. ही उत्तरं ज्या जेवणावळींत, प्रवासांत आणि गप्पांत कळतात, खरं काम ती एकत्र बसण्याची सवय करते.

आणि नुसत्या फुशारकीच्या गोष्टी नकोत. आजोबांचं दुकान बुडालं, मामा बारावीत गटांगळी खाऊन पुन्हा बसला, हेही वयाला झेपेल असं सांगा. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात श्याम रात्री सोबत्यांना एकेक आठवण सांगतो आणि घरची गरिबी, कर्ज, गेलेली अब्रू काही झाकत नाही. म्हणून तर ती गोष्ट घरोघरची झाली. आपल्या माणसांवर वाईट दिवस आले आणि ते त्यातून उभे राहिले, हे माहीत असलेलं मूल स्वतःच्या पडण्याला कमी घाबरतं.

एक पथ्य मात्र पाळा. मूल सांगत असताना “असं नव्हतं झालं” म्हणून मध्ये तोडू नका. एकाच सहलीतून दादाला आढी आठवेल, धाकटीला न्हाणीघरातली पाल. दोघांचंही खरं आहे.

तर आज रात्री जेवताना पोरांना एखाद्या जुन्या दिवसाबद्दल विचारा, “तेव्हा वास कसला येत होता?” उद्या आजीचा फोन आला, की “काय जेवलास?”वर गाडी अडू देऊ नका, तिच्या लहानपणचं काहीतरी नातवंडांनाच विचारायला लावा. आजी-आजोबा सांगायला आहेत, तोवर त्यांना बोलतं करा. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.