मजुरी किती असावी?

सीतादही झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीबरोबर गावोगाव एक वादही सुरू होतो.

"पाटील, यंदा किलोमागं दोन रुपये वाढवा. किराणा पुरत नाई."

"वाढवतो बाई, पण कापसाले भाव कोठी हाय?"

यात खोटे कोणीच बोलत नाही. म्हणून हा वाद आपण नीट समजून घेऊ.

मजुराला अमुक इतक्यापेक्षा कमी देता येणार नाही, असा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. त्याचे नाव किमान वेतन कायदा. किमान म्हणजे कमीत कमी. शेतमजूरही त्या कायद्यात होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या वेतन संहितेने घेतली. पण कमीत कमी दर ठरवायचा, ही गोष्ट राहिलीच.

तो दर ठरवायचा कसा? १९५७ साली सरकार, मालक आणि मजूर यांची माणसे एका परिषदेत बसली. त्यांनी पोटापासून हिशेब मांडला. नवरा, बायको, दोन लेकरे. त्यांना पुरेल इतके अन्न. वर्षाला ७२ वार कापड. घराचे भाडे. सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्च. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलांचे शिक्षण, दवाखाना, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठीही त्यात भर घातली पाहिजे. आम्हाला हा हिशेब फार पटतो. शेजारच्या गावात काय देतात, असे तो विचारत नाही. माणसाला जगायला काय लागते, असे विचारतो.

आता पाटलाची बाजू पाहू. समजा, एकरी ५ क्विंटल कापूस निघाला. वेचणीचा दर किलोला १० रुपये धरू. ५०० किलोचे ५,००० रुपये झाले. दर १२ रुपये केला तर ६,००० होतील. म्हणजे एकरी १,००० रुपये जास्त गेले. बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च आधीच झालेला असतो. कोरडवाहू शेतकऱ्याला हे हजार रुपये जड जातात, यात शंका नाही.

पण दुसरा हिशेबही करावा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. समजा, घरी पैशाची नड आहे म्हणून शेतकऱ्याने तोच कापूस खेडा खरेदीत ७,००० ला दिला. क्विंटलमागे ७१० रुपये गेले. ५ क्विंटलचे ३,५५० झाले. वेचणाऱ्या बाईने मागितले होते १,०००. ते डोळ्यांत भरतात, कारण बाई समोर उभी असते. भाव पाडणारा समोर नसतो.

बाईचाही हिशेब सरळ नाही. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असतात. ३० किलो कापूस झाला तर ३०० रुपये मिळतात. शेवटच्या वेच्याला दिवस तेवढाच, वाकणे तेवढेच, पण कापूस निम्मा. मग रोज १५० वर येतो. तो भरून काढायला लेकरू सोबत नेतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा वेचणी लागली की वर्गातली हजेरी उतरायची. कमी मजुरीची किंमत अशी शाळेतही दिसते.

कायदा आहे, तरी दर का मिळत नाही? गावात दुसरे काम नसले की मजूर मिळेल त्या दराला जातो. हे ओळखून आपल्या महाराष्ट्राने एक वेगळी वाट काढली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. कल्पना वि. स. पागे यांची. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे. १९७७ साली तिचा कायदा झाला. रस्ते, बांध, पाझर तलाव अशी कामे निघाली. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. बाई आणि पुरुष यांना दर एकच. शेतात आजही बाईला कमी देण्याची रीत मोडलेली नाही, म्हणून ही गोष्ट लहान समजू नये. शिवाय सरकारी काम जवळ असले की मजुराला "या दराने येत नाही" असे म्हणता येते.

मात्र १९८८ साली एक प्रकार घडला. राज्याने किमान मजुरी जवळजवळ दुप्पट केली. रोजगार हमीचा दरही वाढला. पण पुढे मागेल त्याला पूर्वीसारखे काम मिळेना. अभ्यासकांनी आकडे तपासून १९९३ साली हे दाखवून दिले. मजुरी वाढवू नये असे म्हणणारे लोक हाच दाखला देतात. आम्हाला तसे वाटत नाही. दर वाढवला, मग वाढीव पैसा घालून कामेही तेवढी काढायला हवी होती. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने आवरले, तर दोष वाढीचा कसा?

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानातील दुष्काळी कामाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की किमान दरापेक्षा कमी देऊन काम घेणे म्हणजे वेठबिगार होय. दुष्काळ आहे, म्हणून कमी देतो, हे चालत नाही.

आता हजेरीपट वाचायचा सराव करू. त्यात नाव, दिवस, दर आणि एकूण रक्कम असे रकाने असतात. आधी दिवस मोजा. मग दराने गुणा. मग सही करा. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तोच धरून हे गणित पाटीवर सोडवा.

एका बाईने ६ दिवस पूर्ण काम केले. तिला १,५६० रुपये मिळाले. किती मिळायला हवे होते? हजेरीपटावर तिचे किती दिवस मांडले असतील?