शिळ्या उसांतील चिकटा

शिरूर व दौंड तालुक्यांतील बागाईतदारांस शिळ्या उसाचा उतारा घटतो हें ठाऊक आहे. त्याचें कारणही ध्यानीं घ्यावें. साखरेच्या रेणूंत ग्लुकोज व फ्रुक्टोज जोडलेले असतात. तोडलेल्या उसाच्या छेदावाटे ल्युकोनोस्टॉक नांवाचे जंतू शिरतात. त्यांचें एन्झाइम साखर फोडून ग्लुकोजाची साखळी गुंफतें. हाच डेक्स्ट्रान नांवाचा चिकटा. त्यामुळें रस बुळबुळीत होतो व साखरेचा दाणा लांबट पडतो. यीस्ट साखर केवळ फोडतें. परंतु जंतूचें जनुक त्यांत घातल्यास साखळी गुंफणारें एन्झाइमही त्याजकडून बनवून घेतां येतें. शुद्ध डेक्स्ट्रान औषधांत उपयोगी आहे. उसांत मात्र तें नुकसानच करितें. म्हणून तोडीपासून २४ तासांत ऊस गाळपास पोंचवावा. जळित ऊस त्याहूनही लवकर.