सुराचा आकडा, कानाचं माप

सकाळी मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी स्वतः गाणं शिकते. एका ठिकाणी ध्वनीची वारंवारता, दुसऱ्या ठिकाणी सूर. दोन्हींच्या सोबतीत राहताना जे उमगत गेलं, ते असं.

1. हर्ट्झ ही निव्वळ मोजणी आहे. तार सेकंदाला 220 वेळा हेलकावली की 220 हर्ट्झ, बस. माझा सा पांढरी सहाचा, म्हणजे हार्मोनिअमच्या हिशेबाने 220. पण हा हिशेब माझ्या गळ्याने केलेला नाही. पाश्चात्त्य संगीतातला मध्य सप्तकातला ‘ए’ 440 धरायचा, असं 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरलं. फ्रान्सने 1859 मध्ये तोच 435 ठरवला होता. आपल्याकडे सा कुठे धरायचा ते गाणाऱ्याचा गळा ठरवतो. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

2. कानाला वजाबाकी कळत नाही, पट कळते. माझा खर्ज 110, मध्य सा 220, तार सा 440. आकड्यांत पहिलं अंतर 110 आणि दुसरं 220, पण कानाला दोन्ही अंतरं सारखीच. म्हणून एका हर्ट्झची चूक खर्जात चांगलीच जाणवते आणि तार सप्तकात तिचं वजन चौपटीने कमी होतं. ॲलेक्झांडर एलिसने 1885 मध्ये सप्तकाचे 1200 सेंट पाडले, ते कानाचा हा स्वभाव ओळखूनच.

3. सर्वांत बारीक माप यंत्राशिवायही घेता येतं, हे मला तानपुऱ्याने शिकवलं. जोडीच्या दोन तारा जुळवताना एक 220 वर आणि दुसरी 222 वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि दोनदा बसतो. वर्गात आम्ही याला बीट्स म्हणतो. खुंटी जराशी पिळली की ही ये-जा मंदावते. मग खुंटी सोडून द्यायची आणि घोडीपलीकडचा मणी नखाएवढा सरकवायचा. सेकंदाला एक, दोन सेकंदांत एक, असं करत करत एक हेलकावा दहा सेकंद पसरतो. त्या वेळी दोन तारांमध्ये हर्ट्झच्या दहाव्या भागाएवढाच फरक उरलेला असतो, म्हणजे एका सेंटहूनही कमी. नुसत्या कानाने! वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहायला एक ओळ पुरते, पण मणी सरकवताना ते बोटांना कळतं तेव्हा मला दर वेळी नवल वाटतं.

जर्मनीतल्या क्रेफेल्डचे रेशीम कारखानदार योहान शाइब्लर यांनी 1834 मध्ये याच हेलकाव्यांवर सगळं मोजमाप उभं केलं. खालच्या सुरापासून त्याच्या दुपटीपर्यंत पन्नासहून अधिक नादकाटे ओळीने लावायचे, शेजारच्या प्रत्येक जोडीचे बीट्स घड्याळ लावून मोजायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. वरचा काटा खालच्याच्या दुप्पट असल्यामुळे बेरीज येते ती थेट खालच्या काट्याची वारंवारता. पडदा नाही, वीज नाही. कान, घड्याळ आणि बेरीज. मापनाच्या इतिहासात इतकी देखणी युक्ती मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

4. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते, तरी गंधार ऐकू येतो. खर्ज 110 चा असेल तर त्याच तारेत त्याच्या पाचपटीचा 550 हा सूर उपस्वर म्हणून दडलेला असतो, आणि तोच तार सप्तकातला गंधार. घोडीची जवारी नीट काढलेली असली आणि तारेखालचा दोरा जागेवर बसला की हा गंधार असा झळाळतो, की कुणी वेगळं गातंय असं वाटावं. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू असतो असे उपस्वर नियमाने गप्प राहायला हवेत. तानपुऱ्यात ते गातात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये हे दाखवलं आणि त्याचं श्रेय घोडीच्या वक्र माथ्याला दिलं.

हार्मोनिअमचा गंधार मात्र वेगळा. माझ्या पट्टीत तानपुऱ्याच्या हिशेबाने मध्य गंधार 275, पेटीचा 277 च्या किंचित वर. मध्य सा आणि पेटीचा गंधार एकदम वाजले की त्यांच्या उपस्वरांत सेकंदाला जवळजवळ नऊ हेलकावे पडतात आणि सूर खरखरतो. पंचमात हेच सेकंदाला एकाहून कमी, त्यामुळे तो खपून जातो. पेटीवर माझं प्रेम आहे, पण गंधार तिच्याकडून शिकू नये, असं माझं ठाम मत आहे.

5. जो सूर हवेत नाही तोही ऐकू येतो. साधारण 300 हर्ट्झच्या खालचं काहीच जुने लँडलाइन फोन पुढे पाठवत नसत. तरीही गुरुजी फोनवरून त्यांचा भारदस्त सा लावत तेव्हा तो मला त्याच्याच जागी ऐकू येई. त्या साची मूळ वारंवारता तारेतून आलेलीच नसे. वरच्या उपस्वरांमधल्या अंतरावरून मेंदू तो सूर बांधत असे. तेव्हापासून वारंवारता हवेची आणि सूर ऐकणाऱ्याचा, अशी वाटणी मी मनाशी करून ठेवली आहे.

6. हलता सूर मोजायला गेलं की माप विरघळतं. एका हर्ट्झचा फरक नेमका टिपायचा तर यंत्राला साधारण सेकंदभर स्थिर सूर हवा. दरबारीतला आंदोलित गंधार तेवढा थांबेल कशाला? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर मोजत, आणि 1910 मध्ये त्यांचं श्रुतींवरचं, म्हणजे स्वरांच्या नेमक्या जागांवरचं पुस्तक आलं. त्या काळात इतक्या चिकाटीने सुरामागे लागलेल्या या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. पुढे 1963 मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी स्वरांची मोजणी केली, तेव्हा एकच स्वर कलाकारागणिक थोडा सरकलेला आढळला. माझ्या लेखी त्यामुळे देवलांची धडपड वाया जात नाही. स्वर हा बिंदू नसून जागा आहे, हे मोजल्याशिवाय कळलं नसतं.

7. हल्ली क्लासमध्ये फोनवरचा तानपुरा आयता जुळलेला मिळतो. सोय मोठी आहे, मीही वापरते. पण त्यात हेलकावा मंदावताना ऐकायची वेळच येत नाही. गाणं शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती: पहिल्याच वर्षी मुलांच्या हाती खरा तानपुरा द्या, जोडीची एक तार मुद्दाम उतरवून ठेवा आणि त्यांना ती कानाने जुळवू द्या. वेळ लागला तरी लागू द्या.