धानाची सहनशक्ती आणि जनुकशास्त्र

वैनगंगेच्या खोऱ्यातील चंद्रपूर व गडचिरोली हे वनसंपन्न जिल्हे महाराष्ट्राच्या धानपट्ट्यात मोडतात. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, कुरखेडा या तालुक्यांत धान हेच मुख्य पीक होय. पाऊस आणि मामा तलाव यांवर त्याची भिस्त असते. पाऊस लांबला की रोवणी अडते व पऱ्हे वाढून जातात. नद्यांना पूर आला की बांध्या पाण्याखाली राहतात. वाचलेल्या पिकावर गादमाशी, करपा व कडा करपा यांचा घाला पडतो. ही संकटे सोसण्याची शक्ती बियाण्यातच आणता येईल काय, या प्रश्नाला विज्ञानाने दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत. त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

शेतातील निवड

सर्वांत जुनी पद्धत निवडीची. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये 'पटेल-3' या धानात काही वेगळ्या लोंब्या आढळल्या. त्यांचे बी जपून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचे 'एचएमटी' हे वाण सिद्ध केले. या पद्धतीत निसर्गाने घडविलेला बदल ओळखणारी दृष्टी हीच प्रयोगशाळा असते. मात्र हवा तो गुण शेतात आपोआप प्रकट होईलच, असे नाही.

जनुकांच्या खुणा

ओडिशातील एका स्थानिक धानात पाण्याखाली तग धरण्याचा गुण होता. त्यास कारणीभूत असलेले 'सब-1ए' जनुक 2006 मध्ये निश्चित झाले. पीक बुडाले असता हे जनुक रोपाची वाढ रोखते, त्यामुळे रोपातील साठा खर्च होत नाही व पाणी ओसरताच वाढ पुन्हा सुरू होते. लोकप्रिय 'स्वर्णा' वाणाशी संकर करून, जनुकीय खुणांच्या आधारे योग्य रोपे निवडून 'स्वर्णा सब-1' तयार झाले. 2009 मध्ये ते भारतात प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे बुडूनही ते वाचू शकते. याच रीतीने हैदराबादच्या संशोधकांनी कडा करपा प्रतिकारक 'सुधारित सांबा महसुरी' विकसित केले. त्यातील एक प्रतिकारक जनुक मूळचे आफ्रिकेतील जंगली धानाचे आहे. या पद्धतीत संकर नेहमीचाच असतो. परकीय जनुक कृत्रिमरीत्या घातले जात नाही.

जनुकांतरण व जनुक-संपादन

जनुकांतरणात दुसऱ्या जीवाचे जनुक पिकात घालतात. मातीतील जीवाणूचे जनुक असलेल्या बीटी कापसास 2002 मध्ये भारतात परवानगी मिळाली. त्याने बोंडअळीस आळा बसला. परंतु पुढे शेंदरी बोंडअळी त्या विषास सरावली आणि 2017 मध्ये विदर्भात मोठी हानी झाली. एकाच जनुकावर विसंबल्यास कीड त्यावर मात करते, हा त्यातील धडा होय.

जनुक-संपादनात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करतात. मे 2025 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अशी दोन धान वाणे जाहीर केली. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राइस-1' मध्ये पानांवरील रंध्रांशी संबंधित जनुक बदलून दुष्काळ व क्षार सोसण्याची शक्ती वाढविण्यात आली आहे. तथापि कोणतेही वाण आपल्या मातीत कसे उतरते, हे स्थानिक चाचणीवाचून ठरत नाही. या दृष्टीने सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्रासारख्या संस्थांचे कार्य मोलाचे आहे.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

प्रयोगशाळा नवे जनुक शून्यातून निर्माण करीत नाही. पूर सोसणारे जनुक एका साध्या गावठी धानातून मिळाले. ते धान शेतकऱ्यांनी टाकून दिले असते, तर तो गुणही हरपला असता. पूर्व विदर्भातील कोणत्या गावठी वाणात असा ठेवा दडला आहे, हे आज कोण सांगेल? जैविक विविधता कायदा, 2002 अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. तीत गावातील जुनी धाने, त्यांचे गुण व ती जपणारी कुटुंबे यांची नोंद व्हावी. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 हा शेतकऱ्यास आपले वाण नोंदविण्याचा, तसेच बी राखण्याचा व देवघेवीचा हक्क देतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावठी बियाण्यांचा संग्रह करविला, तर विज्ञानाचा पाठ आणि गावाची ठेव ही दोन्ही कार्ये एकदम साधतील.